सरपण कापायची छोटी चेन सॉ : कोणती घ्यायची, काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही



पिंप्राळ्याच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न एकच: "सर, सरपण कापायचं काम सुरू करायचं आहे, कोणती मशीन घेऊ?" व्हिडिओत मशीन चालताना दिसली, पण आकडे नीट सांगता आले नाहीत. म्हणून हा धडा लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये हिशोब आहे.

आधी धड्याचं सार सांगतो. मशीन छोटी आणि हलकी घ्या. बदल करायचे असतील तर चेन, बार आणि लाकूड ठेवायच्या घोडीत करा. इंजिनाला आणि सुरक्षेच्या भागांना हात लावू नका. नवीन माणूस नेमकं उलटं करतो. मोठी मशीन घेतो, सायलेन्सर काढतो, ब्रेक काढतो आणि चेनला धार लावत नाही. मग दोन महिन्यांत मशीन कोपऱ्यात पडते आणि घरातले पैसे अडकतात.

## पहिली पायरी : गिऱ्हाईक कोण, ते आधी ठरवा

मशीनच्या दुकानात जाण्याआधी लाकूड कोणाला लागतं ते पाहा. पिंप्राळा आज जळगाव महापालिकेत असलं तरी एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला गिरणाकाठची शेतं, अशी ही जागा आहे. इथे दोन प्रकारचं काम मिळतं. एक म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर पडलेलं किंवा रीतसर तोडलेलं लाकूड कापून देणं. दुसरं म्हणजे वखारीत किंवा स्वतःच्या जागेत लाकूड आणून, तुकडे करून, वाळवून विकणं.

आता गिऱ्हाइकांची यादी करू.

- आचारी आणि केटरर : लग्नसराईत भट्टीसाठी दीड-दोन फुटी, मध्यम जाडीचं लाकूड.
- खापरावरची पुरणपोळी, म्हणजे मांडे करणाऱ्या ताई : एक-सव्वा फुटी, फोडलेलं, कोरडं आणि सारख्या मापाचं. धूर झाला तर त्या पुन्हा घेणार नाहीत.
- ढाबे : नियमित मागणी, पण उधारी सांभाळा.
- स्मशानभूमी : लांब आणि जाड ओंडके. इथे कापणी कमी, वजन जास्त.
- वीटभट्टी : जसं असेल तसं लाकूड घेतात, भाव कमी देतात.

भरीत सेंटरवाले या यादीत मुद्दाम घेतले नाहीत. खान्देशी भरिताचं वांगं कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजतात. त्यांना काड्या लागतात, आणि त्या कापायला चेन सॉ लागत नाही. "भरिताच्या सीझनमध्ये खूप धंदा होईल" असं धरून मशीन घेतली तर गणित चुकेल.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. बारा फुटी एका फांदीचे तीन-तीन फुटी तुकडे करायला तीन काप लागतात. तीच फांदी एक-एक फुटी करायला अकरा काप लागतात. लाकडाचं वजन तेच, पण काम जवळजवळ चौपट. त्यामुळे "क्विंटलला इतके" असा एकच भाव कधीच सांगू नका. तुकड्याची लांबी विचारा, मगच भाव सांगा.

## दुसरी पायरी : कायद्याचं आधी, मशीनचं नंतर

इथे पुष्कळ जण घसरतात. हातात मशीन आली की समोर दिसेल ते झाड आपलं वाटायला लागतं.

पिंप्राळा महापालिका हद्दीत असल्यामुळे महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ इथे लागू आहे. या कायद्यात "झाड तोडणे" याचा अर्थ बुंध्यापासून पाडणं एवढाच नाही. जाळणं, कापणं किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणंही त्यात येतं. म्हणून कॉलनीतलं झाड कापायला कोणी बोलावलं तर वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी मालकाकडून आधी मागून घ्या आणि तिचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

खेड्यात शेतजमिनीवरच्या झाडांसाठी १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचीतली झाडं, उदाहरणार्थ साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चंदन, अंजन, मालकाच्या स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आपल्या भागात अंजन आणि चिंच भरपूर, म्हणून ही नावं पाठच करा. लाकूड गाडीत भरून नेताना वाहतूक पास लागतो का, हे त्या त्या जातीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. आणि यावल अभयारण्य किंवा सातपुड्याच्या जंगलातलं लाकूड कोणी "स्वस्तात देतो" म्हणालं, तर त्या माणसाचा फोनसुद्धा उचलू नका.

सुरुवातीला सोपा नियम ठेवा: उभं झाड पाडायचं काम घ्यायचं नाही. पडलेलं, छाटलेलं, परवानगीने तोडलेलं लाकूड जमिनीवर कापून द्यायचं. यात धोका कमी आणि कायद्याची कटकटही कमी. फांद्या विजेच्या तारेजवळ असतील तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय जवळ जायचं नाही. पैसे कितीही देत असले तरी.

## तिसरी पायरी : मशीनचे चार प्रकार, आणि तुमचं काम कोणतं

१. छोटी बॅटरी सॉ (४ ते ६ इंच बार). वजन साधारण एक ते दीड किलो. मनगटाएवढ्या फांद्यांसाठी छान. पण हिच्या डब्यावरच्या आकड्यांना फसू नका. डब्यावर "४८ व्होल्ट", "८८ व्होल्ट" असं काहीही छापलेलं असतं. चार्जरवर आउटपुट वाचा. तिथे २१ व्होल्ट लिहिलं असेल तर बॅटरीत एकामागे एक जोडलेले पाच सेल आहेत. एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो, ४.२ गुणिले ५ म्हणजे २१. डब्यावरचा आकडा काहीही असो, मशीन २१ व्होल्टचीच.

आता ती किती वेळ चालेल? सेल २ अँपिअर-अवरचे असतील तर सरासरी १८ व्होल्ट गुणिले २ म्हणजे ३६ वॅट-अवर. लाकूड कापताना मोटर ४०० वॅट घेते असं धरलं तर सलग कापणी साधारण साडेपाच मिनिटं. दोन बॅटऱ्या असल्या तरी अकरा मिनिटं. डब्यावर "एक तास" लिहिलेलं असेल तर तो हवेत फिरवण्याचा वेळ समजा. घरच्या सरपणाला ठीक आहे, धंद्याला मुख्य मशीन म्हणून पुरणार नाही.

आणि आपला मे महिना विसरू नका. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. जळगावात उन्हाळ्यात पारा तिथपर्यंत जातो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंगला लावलेली बॅटरी लवकर मरते, फुगतेसुद्धा. पहाटे किंवा रात्री चार्ज करा, आणि कापणी झाल्या झाल्या गरम बॅटरी चार्जरला लावू नका.

२. वायरची इलेक्ट्रिक सॉ (१४ ते १६ इंच). वजन चार-पाच किलो. लाकूड तुमच्या जागेत येत असेल आणि लाइट भरवशाची असेल, तर वखारीसाठी हीच सगळ्यात शहाणी खरेदी. पेट्रोल नाही, कार्बोरेटर नाही, आवाज कमी, शेजारी भांडत नाहीत. २००० वॅटची मशीन पूर्ण लोडवर तासाला दोन युनिट खाते आणि ९ अँपिअरच्या आसपास करंट ओढते. त्यामुळे घरातली बारीक एक्स्टेन्शन चालणार नाही. २.५ स्क्वेअर मिमीची चांगली केबल आणि अर्थिंग हवंच. पावसात वापरायची नाही.

३. वर हँडल असलेली २५ सीसी पेट्रोल सॉ (१० ते १२ इंच). बाजारात "सगळ्यात हलकी पेट्रोल मशीन" म्हणून हीच दाखवतात. बार-चेन सोडून तीन किलोच्या आसपास. पण ही झाडावर चढून काम करणाऱ्या शिकलेल्या माणसासाठी बनवली आहे. हँडल वर असल्यामुळे ती एका हाताने उचलता येते, आणि तिथेच धोका आहे. माणूस एका हाताने फांदी धरतो आणि दुसऱ्या हाताने मशीन चालवतो. जमिनीवर सरपण कापायला ही घेऊ नका.

४. मागे हँडल असलेली ३० ते ३८ सीसी पेट्रोल सॉ (१२ ते १६ इंच). बार-चेन सोडून चार-साडेचार किलो. दोन्ही हातांत लांब अंतरावर पकड मिळते, मशीन ताब्यात राहते. बांधावर, जिथे लाइट नाही तिथे, आपल्या कामाला हीच योग्य.

मग सगळीकडे दिसणारी ती ५८ सीसी, २२ इंचवाली? तेल-पेट्रोल भरून बार-चेनसकट ती सात किलोच्या घरात जाते. तुमचं नव्वद टक्के लाकूड तीन ते आठ इंच जाडीचं असेल तर बावीस इंच बारचा अर्धा भाग नुसता हवेत फिरतो. तुम्ही त्याचं वजन उचलता, त्याला तेल पाजता, आणि त्याच्या सगळ्या दातांना धार लावता. आठ इंचाच्या लाकडाला बारा इंच बार पुरतो. कधीतरी जाड ओंडका आला तर दोन्ही बाजूंनी कापता येतो.

दुकानातली परीक्षा : मशीन हातात घ्या, दोन्ही हातांनी कंबरेच्या उंचीवर धरा आणि तीन मिनिटं उभे राहा. घड्याळ लावा, लाजू नका. दुसऱ्या मिनिटाला हात थरथरले तर ती मशीन तुमच्यासाठी नाही, कारण शेतात हेच तीन तास करायचं आहे. मग चार प्रश्न विचारा. बार आणि चेन जळगावात लगेच मिळते का? क्लच, स्टार्टर दोरी, कार्बोरेटर किट मिळतं का? धंद्यासाठी वापरली तर वॉरंटी राहते का? आणि चेन ब्रेक चालू करून दाखवा. शेवटच्या प्रश्नाला दुकानदार "त्याची गरज पडत नाही" म्हणाला तर दुकान बदला.

## चौथी पायरी : कामाचे बदल कोणते

बदल १ : बार छोटा करा. मोठी मशीन आधीच घेऊन बसला असाल तर हा उपाय तुमच्यासाठी. २२ इंचाच्या जागी १६ इंचाचा बार बसवला की मशीनचं तोंड हलकं होतं, इंजिनावरचा भार कमी होतो आणि चेन स्वस्त पडते. फक्त तीन आकडे जुळले पाहिजेत: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. ते बहुतेक बारवर मागच्या बाजूला कोरलेले असतात. पिच म्हणजे चेनच्या सलग तीन रिबिटांमधल्या अंतराचा अर्धा. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या लिंकची जाडी. ड्राइव्ह लिंक म्हणजे खाली टोक असलेल्या कड्या. त्या हाताने मोजा. चेन, बार आणि आतला स्प्रॉकेट, तिघांचा पिच एकच हवा. "बसेल हो भाऊ" यावर जाऊ नका. बारच्या मागची बोल्टची खाच आणि तेलाचं भोक जुळतं का, तेही पाहा. भोक जुळलं नाही तर चेन कोरडी फिरते आणि एका दिवसात बार निळा पडतो.

बदल २ : लाकडाप्रमाणे चेन. आपल्याकडे बाभूळ, वेडी बाभूळ, निंब, बोर. वाळलेली बाभूळ दगडासारखी. शिवाय बांधावरच्या लाकडात माती, वाळू आणि जुन्या कुंपणाचे खिळे. यासाठी गोलसर कोपऱ्याच्या दाताची, म्हणजे सेमी-चिझेल चेन घ्या. टोकदार कोपऱ्याची फुल-चिझेल स्वच्छ लाकडात जास्त वेगाने कापते, पण माती लागली की लगेच बोथट होते.

बदल ३ : घोडी. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल मशीनच्या बाहेरच आहे. दोन-तीन इंगळी फुलीच्या आकाराच्या चौकटी, खाली आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या, उंची तुमच्या कंबरेएवढी. लाकूड त्यावर ठेवलं की वाकावं लागत नाही, चेन जमिनीला लागत नाही आणि लाकूड घरंगळत नाही. घोडी लाकडाची करा किंवा अँगलची, पण चेन पोहोचते त्या जागी लोखंड नको. घोडीवर एक-एक फुटावर रंगाच्या खुणा केल्या की टेप न लावता तुकडे सारखे निघतात. मांडे करणाऱ्या ताईंना सारखे तुकडेच हवे असतात. मनगटापेक्षा बारीक काटक्या मात्र मशीनने कापू नका. त्या चेनमध्ये ओढल्या जाऊन उडतात. त्यांना कोयताच बरा.

बदल ४ : पुढचे काटे. बार जिथून सुरू होतो तिथे लोखंडी काटे बसवता येतात. ते ओंडक्यात रुतवून मशीन टेकवली की हातावरचा भार कमी होतो. मशीनला त्यासाठी मूळ भोकं असतील तरच बसवा, स्वतः भोकं पाडू नका.

## पाचवी पायरी : कशाला हात लावायचा नाही

ग्राइंडरला जोडायचा चेन सॉ संच. हा धडा लिहायचं निम्मं कारण हेच. चार इंची ग्राइंडरला बार आणि चेन बसवायचा संच स्वस्तात मिळतो. घरात ग्राइंडर असतोच, म्हणून वाटतं की मशीनचे पैसे वाचले. मी स्वतः एकदा हा प्रयोग केला. सुबाभळीची फांदी कापताना चेन अडकली, ग्राइंडर हातातून फिरून बाहेर गेला, आणि जमिनीवर पडल्यावरही चेन चालूच होती. पायाच्या अंगठ्यापासून चार बोटं लांब. त्या दिवशी संच काढून भंगारात टाकला.

असं का होतं ते समजून घ्या. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतो. सहा दात्यांचा स्प्रॉकेट असेल तर एका फेऱ्यात चेन साधारण ११ सेंटिमीटर पुढे जाते. हिशोब केला तर सेकंदाला २० मीटर. खऱ्या पेट्रोल सॉचा वेग साधारण तेवढाच असतो. पण खऱ्या मशीनला क्लच असतो, झटका बसला की चेन थांबवणारा ब्रेक असतो, बोट सोडलं की चेन थांबते, तेलाचा पंप असतो, आणि दोन हातांसाठी दोन हँडल असतात. ग्राइंडरवर यातलं एकही नाही. त्याचं सरकवायचं बटण तर हात सुटला तरी चालूच राहतं. म्हणजे वेग पूर्ण आणि सुरक्षा शून्य. वाचलेले चार-पाच हजार एका टाक्याचेही होत नाहीत.

चेन ब्रेक. हाताच्या पुढची ती उभी प्लेट म्हणजे ब्रेक. "सारखा मध्ये येतो" म्हणून काढणारे मी पाहिले आहेत. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की मशीन क्षणात तोंडाकडे उसळते. याला किकबॅक म्हणतात. माणसाला कळायच्या आत ते होऊन जातं. तेव्हा वाचवणारी गोष्ट ही प्लेटच. रोज काम सुरू करायच्या आधी ब्रेक लावून सोडून पाहा. नुसत्या बारच्या टोकाने कधीच कापू नका.

सायलेन्सर, कार्बोरेटरचे स्क्रू, ॲक्सिलेटर. सायलेन्सरला भोकं पाडली की आवाज वाढतो आणि ताकद वाढल्यासारखी वाटते. पण हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडतं, इंजिन गरम होतं आणि पिस्टन धरतो. वर उन्हाळ्यात वाळल्या पाचोळ्यात ठिणगी. ॲक्सिलेटर दोरीने बांधून ठेवणं तर आत्महत्याच.

## सहावी पायरी : कापते ती चेन

१९४६ ची गोष्ट सांगतात. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा माणूस सरपण फोडत होता. तेव्हाच्या चेनला करवतीसारखे दात असायचे, धार लावण्यातच वेळ जायचा. त्याने ओंडक्यात एक अळी पाहिली, जी डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने लाकूड पोखरत पुढे जात होती. त्यावरून त्याने डावा-उजवा वळलेल्या दातांची चेन बनवली. आज तुमच्या मशीनवर त्याच पद्धतीची चेन आहे. इंजिनाचं काम ती फिरवण्याचं, कापण्याचं काम दातांचं.

धार गेली हे कसं ओळखायचं? खाली पडणारा भुसा बघा. जाड शेवेच्या तुकड्यांसारखा पडला तर धार आहे. बेसनासारखं पीठ पडलं तर धार गेली. मशीन दाबावी लागली, काप तिरका जायला लागला, धूर निघाला, की थांबा.

धार लावायची पद्धत :

१. चेनच्या मापाची गोल कानस घ्या. छोट्या मशीनवरच्या १/४ इंच किंवा ३/८ लो-प्रोफाइल चेनला बहुतेक ४ मिमी, ०.३२५ पिचला ४.८ मिमी. चेनच्या पाकिटावर माप लिहिलेलं असतं, तेच धरा.
२. इंजिन बंद, चेन गार, हातात मोजे. इलेक्ट्रिक असेल तर प्लग काढलेला, बॅटरीची असेल तर बॅटरी बाहेर.
३. दातावर २५ ते ३० अंशांचा कोन धरून फक्त आतून बाहेर ढकला. मागे आणताना कानस उचला.
४. प्रत्येक दाताला सारख्याच ओढी. एकाला तीन तर सगळ्यांना तीन. एका बाजूचे दात लहान झाले की काप वाकडा जातो.
५. चार-पाच वेळा धार लावून झाली की दातापुढचा छोटा उंचवटा तपासा. तो दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असावा. "लवकर कापावं" म्हणून तो जास्त घासला तर मशीन झटके देते आणि किकबॅकचा धोका वाढतो.

पेट्रोलची टाकी भरताना दर दुसऱ्या वेळी दोन-तीन ओढी मारल्या तर पाच मिनिटांचं काम. दिवसभर न लावता संध्याकाळी लावायला बसलात तर तास जातो.

तेलाचं : पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल पुस्तिकेतल्या प्रमाणातच. एका लिटरला २५:१ म्हणजे ४० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. अंदाजाने झाकणं ओतू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका. काम संपलं, मशीन पंधरा दिवस पडून राहणार असेल, तर टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत चालवा. बारसाठी चेन ऑइल किंवा नवीन घट्ट तेल वापरा. गॅरेजमधलं जळकं तेल फुकट मिळतं, पण त्यातली धातूची बारीक पूड बार आणि पंप दोन्ही खाते.

## सातवी पायरी : वहीतला हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे भाव घाला आणि पुन्हा करा.

समजा गुंतवणूक: मशीन १२,०००, सुरक्षा साहित्य ५,०००, दोन जादा चेन, कानस आणि घोडी ३,०००. एकूण २०,००० रुपये.

समजा एका दिवसाचं ठरलेलं काम १,६०० रुपयांचं, त्यात इंजिन तीन तास चालतं.

- पेट्रोल दीड लिटर : १६०
- टू-स्ट्रोक तेल : २०
- चेन ऑइल : १५०
- चेन-कानसची झीज : ६०
- दुरुस्तीसाठी बाजूला : १००
- मदतनीस : ५००
- ने-आण : १५०

खर्च १,१४० रुपये. हातात ४६० रुपये. आणि हो, यात तुमची स्वतःची मजुरी धरलेली नाही! मदतनीस पाचशे घेऊन गेला आणि मालक चारशे साठ. हे बघून वाईट वाटलं तर बरंच आहे, मशीन घ्यायच्या आधी वाटलं. गुंतवणूक निघायला ४४ दिवसांचं काम लागतं. महिन्यात बारा दिवस काम मिळालं तर पावणेचार महिने.

आता तोच दिवस बोथट चेनने. तीनचे पाच तास होतात. पेट्रोल २६५, तेल ३०, चेन ऑइल २५०, बाकी तेच ८१०. खर्च १,३५५, हातात २४५. म्हणजे धार न लावल्याने कमाई जवळजवळ निम्म्यावर आली, आणि अंग मोडलं ते वेगळंच.

कमाई वाढवायचे मार्ग तीन. एक, तुकड्याच्या लांबीप्रमाणे भाव. दोन, कापण्याबरोबर फोडणं आणि रचून देणं. तीन, पावसाळ्याआधी लाकूड कापून शेडमध्ये वाळवून, गरजेच्या वेळी कोरडं विकणं. ओल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं, त्यामुळे वाळल्यावर वजन घटतं. तो घाटा भावात धरला नाही तर वाळवण्याचे कष्ट फुकट जातील.

कर्ज लागलं तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं. पण माझं ऐका, पहिली मशीन कर्जावर नको. आधी एखाद्या मशीनवाल्याबरोबर मदतनीस म्हणून दहा दिवस जा. काम झेपतं का, मागणी आहे का, दोन्ही कळेल. मजुरीही मिळेल.

## सुरक्षेचा खर्च कापू नका

हिशोबात ५,००० रुपये सुरक्षेला ठेवले आहेत, कारण ते मशीनचाच भाग आहेत. चष्मा किंवा जाळीचं हेल्मेट, कानाला मफ (पेट्रोल मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो), हातमोजे, पायात कडक टोकाचे बूट आणि मांडीला चेन अडवणारी पँट किंवा चॅप्स. चपलेवर काम करायचं नाही. गळ्यातला रुमाल, साडीचा पदर, ओढणी आत खोचलेली हवी. एकट्याने काम करायचं नाही, आणि मदतनीस चालू मशीनपासून तीन मीटर लांब. थकलात की थांबा. संध्याकाळी "एवढं एकच राहिलंय" म्हणून घाई कराल तर हात-पाय जायचा धोका सगळ्यात जास्त.

## गृहपाठ

१. तुमच्या दहा किलोमीटरच्या आतले दहा सरपण घेणारे शोधा. प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा: तुकड्याची लांबी, महिन्याचं वजन, पैसे रोख की उधार.
२. जवळच्या वखारीत जाऊन पन्नास लाकडांची जाडी मोजा. त्यातली किती आठ इंचांच्या आत आहेत ते लिहा. त्यावरून बार किती इंची हवा ते ठरेल.
३. वरचा हिशोब तुमच्या भावाने पुन्हा करा, पण स्वतःची मजुरी निदान ५०० रुपये धरून. मग दिवसाला किती रुपयांचं काम मिळायला हवं, तो आकडा काढा.
४. तो आकडा दहापैकी निदान चार गिऱ्हाइकांकडून मिळत असेल, तरच दुकानात जा. आणि तिथे तीन मिनिटांची परीक्षा विसरू नका.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढून ठेवा. पुढच्या धड्यात त्याच आकड्यावरून भावपत्रक कसं बनवायचं आणि उधारी कशी टाळायची, ते शिकू. तोपर्यंत कानस चालवायचा सराव करा. जुनी चेन कोणाकडूनही फुकट मिळेल, तिच्यावर हात बसवा.